अपघातानंतरचे नव्वद दिवस

२०२२ या एका वर्षात देशात ६७,३८७ अपघात असे झाले, ज्यांत धडक देणारे वाहन न थांबता निघून गेले. अशा अपघातांतील जखमींना व मृतांच्या वारसांना भरपाई देण्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र योजना आहे. तिच्यातील रकमा वाढवून सुधारित योजना त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू झाली: मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार. २०२२-२३ या आर्थिक वर्षात या योजनेखाली किती अर्ज आले? दोनशे पाच. त्यांपैकी निकाली निघाले पंचाण्णव. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका आदेशात हे आकडे नोंदले गेले आहेत. महिनाभरात वाहनाचा शोध लागला नाही, तर या योजनेची माहिती जखमीला किंवा मृताच्या कुटुंबाला पोलिसांनी लेखी द्यावी, असे न्यायालयाने त्याच आदेशात बजावले.

पैसे नकोत म्हणून हजारो कुटुंबांनी अर्ज केले नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. असा काही हक्क आपल्याला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ज्यांना कळले असेल, त्यांनाही उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे कोणते कागद घेऊन जायचे, हे सांगणारे कोणी नव्हते. आपल्याकडे कायदा करणे आणि लाभ पोहोचवणे यांत किती अंतर असते, याची अनेक उदाहरणे देता येतील. इतके स्वच्छ, आकड्यांत मांडलेले उदाहरण मात्र क्वचितच मिळते.

रस्ते सुरक्षेची चर्चा निघाली की आपण मृतांचा आकडा सांगतो. २०२२ मध्ये तो १,६८,४९१ होता. त्याच वर्षी जखमी झालेल्यांची संख्या ४,४३,३६६ होती, हे फारसे कोणी सांगत नाही. मृत्यूची बातमी होते, नेते भेटीला जातात, मदत जाहीर होते. ज्याचा पाय गुडघ्यावरून कापावा लागला किंवा ज्याच्या मेंदूला मार लागून बोलणे अडखळू लागले, तो माणूस रुग्णालयातून घरी जातो आणि धोरणकर्त्यांच्या नजरेआड होतो. त्याच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यात आहे. ते उत्तर बरेच उदारही आहे. अडचण एवढीच की ते जखमीच्या हाती पडेल की नाही, हे न्यायालयात ठरत नाही. अपघातानंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांत, पोलिस ठाण्यात आणि रुग्णालयात ठरते. दिल्लीत आणि दिल्लीबाहेरही मोटार अपघात दावे न्यायाधिकरणांचे कामकाज पाहिल्यावर माझे हे मत बनले आहे. नियम, निकाल आणि आकडे यांतून ते पक्के होत गेले आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे. हा विमा वाहनमालकाच्या सोयीसाठी नाही. त्या वाहनामुळे ज्याचे नुकसान होईल, त्याच्यासाठी आहे. अपघाताच्या दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, ही कल्पना १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आली आणि १९८८ च्या कायद्याने ती पुढे चालवली. जखमीने दावा कोठे करावा याबाबतही कायदा सढळ आहे. अपघात घडला तेथे, स्वतः राहतो तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी कोठेही दावा करता येतो. पुण्याजवळ बांधकामावर काम करताना जखमी झालेला बिहारचा मजूर गावी परतून आपल्या जिल्ह्यातच दावा लावू शकतो. चालकाचा परवाना बनावट निघाला, तरी त्रयस्थ जखमीला विमा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले आहे. फौजदारी खटल्यात लागतो तसा निर्विवाद पुरावा येथे लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय आहे, एवढेच न्यायाधिकरण पाहते.

रक्कम ठरवण्याची रीतही आता बरीचशी ठरून गेली आहे. २००९ चा सरला वर्मा निकाल आणि २०१७ चा घटनापीठाचा प्रणय सेठी निकाल यांनी वयानुसार गुणक निश्चित केले, तसेच भविष्यातील उत्पन्नवाढ किती धरायची हेही ठरवून दिले. हे गणित एकदा आकड्यांत करून पाहिल्याशिवाय त्यात काय पणाला लागले आहे, हे समजत नाही. समजा, एक अठ्ठावीस वर्षांचा गवंडी आहे. तो महिन्याला पंधरा हजार रुपये कमावत होता आणि अपघातात त्याचा एक पाय गेला. स्वयंरोजगारातील चाळीस वर्षांखालील व्यक्तीसाठी भविष्यातील वाढ चाळीस टक्के धरतात; म्हणजे उत्पन्न एकवीस हजार झाले, वर्षाचे दोन लाख बावन्न हजार. या वयाचा गुणक सतरा. गुणाकार ४२,८४,००० रुपये. या रकमेला कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितक्या टक्क्यांनी गुणायचे. मृत्यूच्या दाव्यात मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी काही हिस्सा वजा होतो. जखमी माणूस जिवंत असतो, त्याला खायला लागते. म्हणून त्याच्या दाव्यात ही वजावट नाही.

आता पाहा. गवंड्याची कमाईची क्षमता ऐंशी टक्के गेली असे मानले, तर उत्पन्नाच्या नुकसानीपोटी सुमारे ३४ लाख २७ हजार रुपये होतात. वैद्यकीय प्रमाणपत्रात संपूर्ण शरीराचे अपंगत्व तीस टक्के लिहिले आहे म्हणून तोच आकडा उचलला, तर १२ लाख ८५ हजार. आणि उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून महिना दहा हजारच धरले, तर ८ लाख ५६ हजार. माणूस तोच, पाय तोच, कायदाही तोच. चौपट फरक पडला तो दोन कागदांमुळे.

शरीराचे अपंगत्व आणि कमाईचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये फार नेमक्या शब्दांत सांगितले. डावा हात गमावलेला सुतार किंवा चालक जवळजवळ पूर्ण कमाई गमावतो. सरकारी कार्यालयातल्या कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. डॉक्टरांचा टक्का तोच असला, तरी नुकसान सारखे नाही. २०१४ मध्ये कर्नाटकातील एका भाजीविक्रेत्याच्या प्रकरणात हाच प्रश्न आला. त्याचा पाय कापावा लागला होता. भाजी एका जागी बसूनही विकता येते, असा युक्तिवाद सहज सुचण्याजोगा होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भाजी विकणे म्हणजे केवळ टोपलीमागे बसणे नव्हे. घाऊक बाजारातून किंवा शेतकऱ्यांकडून माल आणणे हाही त्याच धंद्याचा भाग आहे. त्याचे नुकसान पंचाऐंशी टक्के धरले गेले. भाजीविक्रेत्याकडून उत्पन्नाचे दाखले मागण्याची गरज नाही, हेही न्यायालयाने सांगितले. भविष्यातील वाढ फक्त मृत्यूच्या दाव्यांत धरायची, की जखमींच्याही, हा घोळ २०२० मध्ये एका टंकलेखकाच्या प्रकरणात मिटला: जखमींनाही ती मिळते. त्याच वर्षी मेंदूला इजा झालेल्या हरियाणातील एका मुलीच्या दाव्यात जन्मभर लागणाऱ्या मदतनिसांचा खर्च गुणक लावून मोजला गेला आणि उच्च न्यायालयाने दिलेली रक्कम दुपटीहून अधिक झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला किंमत आहे, हेही २०२१ मध्ये न्यायालयाने २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाचा आधार घेऊन सांगितले. स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनपगारी घरकाम करतात आणि पुरुष ९७, हा आकडा त्या निकालात आहे.

हे निकाल वाचताना अभिमान वाटतो. पण हे सगळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेल्यांचे निकाल आहेत, हेही लक्षात येते.

काही काळापूर्वी दिल्लीच्या एका न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात मला एक गवंडी भेटला. वरचे गणित मांडताना तोच माझ्या डोळ्यांपुढे होता. कुबड्या भिंतीला टेकवून तो जमिनीवर बसला होता आणि प्लास्टिकच्या पिशवीतले कागद पुनःपुन्हा क्रमाने लावत होता. रुग्णालयातून सोडताना दिलेले कार्ड, क्ष-किरण चित्रे, औषधांच्या पावत्या. पावत्यांवरची शाई बहुतेक उडून गेली होती. त्याला रात्री एका मालवाहू टेम्पोने उडवले होते. रिक्षावाल्याने त्याला उचलून रुग्णालयात नेले. पण पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने तो नोंदणीच्या खिडकीवर म्हणाला की हा माणूस पडला. केसपेपरवर तसेच लिहिले गेले: पडून दुखापत. आता विमा कंपनीचे वकील तोच कागद पुढे करून विचारत होते की टेम्पोचा संबंध येतोच कोठे? ‘साहेब, मी शुद्धीवर नव्हतो, मग माझ्या नावाने कोण काय बोलले, ते मला कसे माहीत असणार?’ असे तो मला म्हणाला. मी त्याला काय उत्तर देणार?

केसपेपरवरचा एक शब्द, पंचनाम्यात वाहनाचा क्रमांक असणे किंवा नसणे, चालकाच्या परवान्याची आणि विमा प्रमाणपत्राची प्रत तपास अधिकाऱ्याने वेळीच घेणे, मुकादमाकडून मजुरीचा जबाब लिहून घेणे, या सगळ्या गोष्टी पहिल्या काही आठवड्यांत होतात किंवा कधीच होत नाहीत. त्या काळात जखमी माणूस खाटेवर असतो आणि घरातले दुसरे कमावते माणूस रुग्णालयाच्या पायऱ्यांवर झोपत असते. पुरावा गोळा करण्याचा काळ आणि पूर्ण असहायतेचा काळ एकच असतो. म्हणून हे काम त्या कुटुंबावर सोडून चालत नाही. ते राज्यसंस्थेने करायला हवे.

गंमत अशी की कायद्यातही नेमके हेच लिहिले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने पोलिस, विमा कंपन्या आणि न्यायाधिकरणे यांना एका कार्यपद्धतीत बांधण्याचा प्रयोग २०१० च्या सुमारास केला. पुढे तो देशभर नेण्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय नियम लागू झाले. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत, अंतरिम अहवाल पन्नास दिवसांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा आहे. जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुना दहा दिवसांत हाती द्यायचा आहे. प्रत्येक पोलिस ठाण्यात, निदान शहर पातळीवर, या कामासाठी विशेष पथक असावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा असे म्हणतो की पोलिसांकडून आलेला हा अहवाल हाच भरपाईचा अर्ज मानला जाईल. जखमीने वकील शोधला नाही, अर्ज लिहिला नाही, तरीही त्याचा दावा उभा राहतो.

या तरतुदीचे मोल मला फार वाटते. हक्क मागण्याची जबाबदारी नागरिकावरून काढून राज्याच्या नोकरावर टाकणारे कायदे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. मात्र तालुक्याच्या ठाण्यातील फौजदाराकडे त्याच आठवड्यात एक खून, चार चोऱ्या आणि मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त असतो. अपघातात चालकावर गुन्हा नोंदवला की आपले काम झाले, असे त्याला प्रशिक्षणातच शिकवलेले असते. नुकसानभरपाईचे नमुने भरणे हे त्याला विमा कंपनीच्या कारकुनाचे काम वाटते. आयआयटी मद्रासने विकसित केलेली अपघात नोंदींची संगणकप्रणाली आता त्याच्या हातात आहे. नकाशावर खूण करता येते, छायाचित्र चढवता येते. पण मजुरीचा जबाब घ्यायला खाटेपर्यंत जावे लागते.

अहवाल आला नाही, तर काय होते? येथे २०१९ च्या दुरुस्तीची दुसरी बाजू पुढे येते. जखमीने स्वतः दावा करायचा, तर तो अपघातापासून सहा महिन्यांत केला पाहिजे, अशी अट तिने घातली. ही अट नवी नाही. १९८८ च्या मूळ कायद्यात ती होती, शिवाय सबळ कारण असल्यास उशीर माफ करण्याची सोयही होती. तरीही गरिबांचे दावे बुडतात हे पाहून संसदेने १९९४ मध्ये ती काढून टाकली, आणि तसे करण्यामागचा न्यायाचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये उचलून धरला. पंचवीस वर्षांनी तीच अट परत आली, आणि या वेळी उशीर माफ करण्याचे कलम सोबत आले नाही. सहा महिने म्हणजे किती? मांडीचे हाड मोडून त्यात सळई बसवलेल्या माणसाच्या एका शस्त्रक्रियेपासून दुसरीपर्यंतचा काळ. अपंगत्वाचे प्रमाणपत्र तर उपचार संपल्याशिवाय मिळतच नाही. या तरतुदीच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आहेत. केवळ मुदत उलटली म्हणून न्यायाधिकरणांनी व उच्च न्यायालयांनी दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने २०२५ च्या अखेरीस दिला आहे. तो अंतरिम आहे. तेवढ्यावर कोणी निर्धास्त राहू नये.

याहून कमी चर्चिलेला एक धोका आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता मिळणारी ठरावीक भरपाई आता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आहे. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावा, अशीही रचना आहे. हेतू चांगला आहे. मात्र ही ठरावीक रक्कम त्या मार्गाने स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मूळ दावा आपोआप संपतो. आमच्या गवंड्याचे गणित पुन्हा आठवा: एकीकडे चौतीस लाखांचा संभव, दुसरीकडे महिन्याभरात हाती येणारे अडीच लाख. दवाखान्याचे कर्ज डोक्यावर असताना कोणता माणूस अडीच लाख नाकारेल? आणि सही करण्यापूर्वी त्याला ही तुलना समजावून सांगण्याची जबाबदारी कोणाची? विमा अधिकाऱ्याकडून ती अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. ठरावीक रक्कम तातडीची मदत म्हणून द्यावी आणि अंतिम भरपाईतून वजा करावी, असे सरळ कलम करता आले असते. २०१९ पूर्वीच्या कायद्यात चुकीचा विचार न करता मिळणारी अंतरिम रक्कम अशाच पद्धतीने दिली जात असे.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्रयस्थ विम्याचा हप्ता सरकार ठरवते, दायित्वाला मात्र मर्यादा नाही. दहा वर्षांनी दावा येऊ शकत असेल, तर राखीव निधी किती ठेवायचा, असे ते विचारतात. बनावट दाव्यांची त्यांची तक्रारही काल्पनिक नाही. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांच्या चौकशीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशावरून विशेष तपास पथक नेमावे लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले आणि २०२१ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने अठ्ठावीस वकिलांना निलंबित केले. दुसऱ्याच कारणाने मेलेल्या माणसाला अपघाताचा बळी ठरवणे, विमा असलेले वाहन नंतर ‘शोधून काढणे’, हे प्रकार होतात. मात्र ही फसवणूक होते ती अपघातानंतर लगेच खरी नोंद होत नाही म्हणून. ४८ तासांत वाहनाचा क्रमांक आणि छायाचित्र न्यायाधिकरणाकडे पोहोचले असेल, तर सहा महिन्यांनी नवे वाहन आणून उभे करणे अवघड होते. म्हणजे खऱ्या जखमीला जो अहवाल हवा आहे, तोच विमा कंपनीलाही हवा आहे. मुदतीच्या अटीने मात्र प्रामाणिक आणि अडाणी माणूस आधी बाद होतो. टोळीकडे कॅलेंडर असतेच.

आता वकिलांविषयी. निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवण्यास आपल्या वकिलांना मनाई आहे. तरी जिल्ह्याच्या ठिकाणी अपघाताचे दावे टक्केवारीवर घेतले जातात, हे न्यायालयाच्या आवारात चहा विकणाऱ्यालाही माहीत असते. रुग्णालयातील वॉर्डबॉय, ठाण्यातील हवालदार आणि वकिलाचा माणूस यांची साखळी असते. मी या साखळीचा समर्थक नाही. मात्र नाकाला रुमाल लावून तिच्याकडे पाहणेही मला पटत नाही. खिशात एक रुपया नसलेल्या कुटुंबासाठी अनेकदा तो टक्केवारीचा वकील हाच राज्यसंस्थेऐवजी दारात आलेला एकमेव माणूस असतो. त्याचे प्रमाण आणि कमाल रक्कम ठरवून ते उजेडात आणावे, किंवा त्याची गरजच उरणार नाही इतकी कायदेशीर मदत उभी करावी, हे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत.

दुसऱ्या मार्गाचा पाया तयार आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अपघाताने कायमचा अपंग झालेला माणूस यात बसतो. प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरणाचे कार्यालय आहे, १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे. पण ही कार्यालये न्यायालयाच्या इमारतीत असतात आणि जखमी असतो अस्थिव्यंग विभागात. प्राधिकरणाचा एक स्वयंसेवक जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात रोज दोन तास बसला, केसपेपरवर दुखापतीचे कारण बरोबर लिहिले आहे ना एवढे पाहिले, आणि हक्कांचा तो छापील नमुना हातात दिला, तरी निम्मे काम होईल. मोफत मदत म्हणजे लोकअदालतीत जमेल तशी तडजोड, असा अर्थ मात्र होता कामा नये. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तेथे झटपट मिळालेले आठ लाख हे चौतीस लाखांच्या दाव्याचे आठ लाख असू शकतात.

उपचारांच्या बाबतीत उशिरा का होईना, पाऊल पडले आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कानउघाडणी केल्यावर मे महिन्यात केंद्राने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. ती नीट राबवली गेली, तर जखमींची नोंद अपघाताचे बळी म्हणून पहिल्याच दिवशी होईल, हा तिचा दुय्यम लाभही छोटा नाही. दुसरीकडे रस्त्यावरील निम्म्याहून अधिक वाहनांचा विमाच नाही. नव्या मोटारींना तीन वर्षांचा आणि दुचाकींना पाच वर्षांचा त्रयस्थ विमा २०१८ पासून सक्तीचा आहे. त्यानंतर दुचाकीस्वार नूतनीकरण विसरतो. अशा वाहनाने धडक दिली, तर निवाडा मालकाविरुद्ध होतो आणि मालकाकडे द्यायला तीच जुनी दुचाकी असते. विमा नसलेले वाहन पुरेशी हमी घेतल्याशिवाय सोडू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ठाण्याच्या फाटकापाशी किती पाळला जातो, ते कोणीही सायंकाळी जाऊन पाहावे.

निवाडा झाला, कंपनीने पैसे भरले, तरी गोष्ट संपत नाही. २०२२-२३ च्या अखेरीस देशात १०,४६,१६३ अपघात दावे प्रलंबित होते आणि त्यांतील रक्कम ८०,४५५ कोटी रुपये होती, अशी माहिती माहिती अधिकाराखाली पुढे आली. हे झाले न मिळालेले पैसे. मिळूनही न पोहोचलेले पैसे वेगळे आहेत. गुजरातमधील एका निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला, तेव्हा न्यायाधिकरणांच्या खात्यांत पडून असलेल्या रकमांचे आकडे समोर आले: गुजरातमध्ये २८२ कोटी, उत्तर प्रदेशात २३९ कोटी, महाराष्ट्रात ४५९ कोटी, गोव्यासारख्या छोट्या राज्यातही ३ कोटी ६१ लाख. दाव्याला इतकी वर्षे लागतात की दरम्यान जखमी खोली बदलतो, गाव बदलतो, वकील बदलतो किंवा मरतो. दावा दाखल करतानाच आधार आणि बँक खात्याचा तपशील घ्यावा, आणि रक्कम थेट खात्यात जमा करावी, असे निर्देश न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिले. जे निवाडे आधीच झाले, त्यांच्या लाभार्थ्यांना मात्र शोधावेच लागणार आहे.

ते शोधण्याचे काम तालुका विधी सेवा समिती, ग्रामपंचायत आणि पोलिस पाटील यांच्या हाती दिले, तर महाराष्ट्रात ते अशक्य नाही. याद्या न्यायाधिकरणांकडे आहेत. त्या संकेतस्थळावर टाकून थांबू नये, तलाठी कार्यालयाच्या फळ्यावर लावाव्यात. यापुढे पोलिस ठाण्यांकडूनही एक आकडा दर तीन महिन्यांनी जाहीर करून घ्यावा: किती अपघात नोंदले आणि त्यांपैकी किती प्रकरणांत नव्वद दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणात गेला. पोलिस अधीक्षकांच्या मासिक गुन्हे आढाव्यात त्यासाठी एक रकाना वाढवावा लागेल. त्याला ना नवा कायदा लागतो, ना अर्थसंकल्पात तरतूद.